निळ्या भिंतीवरची दांडी

"पुन्हा ओला टॉवेल दारावर! ती दांडी काय शोभेला लावलीय?"

मिस्त्रीकाका माझ्यापासून वीतभर अंतरावर उभे राहून रोज सकाळी असे कुरकुरत. काकू आतल्या खोलीतून म्हणत, "दारावर लवकर वाळतो हो. तुम्ही तुमचं तोंड धुवा."

मित्रांनो, ती दांडी म्हणजे मी. मी टॉवेल टाकायची एक जुनी पितळी दांडी आहे. सध्या भिंतीवर नाही. बाथरूमच्या खिडकीत आडवी पडून आहे, मधोमध जराशी वाकलेली.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पातळ पितळेची पोकळ नळी कापून माझ्या दोन्ही टोकांना वाटोळी फुलं बसवली आणि फिरत्या चाकावर मला इतकं घासलं, की घासणाऱ्या बाईंनी माझ्यात बघून आपले केस सारखे केले आणि मगच मला खोक्यात घातलं. आपण आतून पोकळ आहोत याचा मला तेव्हा कमीपणा वाटला नाही. टॉवेलला असं वजन ते किती असणार!

मला विकत घेतलं मिस्त्रीकाकांनी. लोकांच्या बाथरूमांना टाइल्स बसवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. टाइलवर बोटानं टिचकी मारून ते सांगत, की मागे सिमेंट भरलंय की पोकळ राहिलंय. त्यांच्या हातून काही म्हणजे काही वाकडं जात नसे, म्हणून गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं 'ओळंबा'. त्यांच्या स्वतःच्या बाथरूमला मात्र कित्येक वर्षं नुसता खरखरीत गिलावा. "लोकांची बाथरूमं आरशासारखी," काकू म्हणत, "आणि आमची म्हणजे विहिरीचा तळ."

मग काकांनी मनावर घेतलं. ठिकठिकाणच्या कामांवरून उरलेले निळे तुकडे ते पिशवीतून घरी आणू लागले. दोघांनी मिळून दोन वर्षं, प्रत्येक सुट्टीच्या दिवशी, ती भिंत केली. कुठला निळा कुठे, हे काकू ठरवत. तुकडा पाण्यात भिजवून हातात देत आणि काका तो बसवत. तळाशी गडद, वर जावं तसा फिका. भिंत पुरी झाली तेव्हा दोघं उलट्या बादल्यांवर शेजारी शेजारी बसून तिच्याकडे बघत राहिली.

शेवटी मला लावायची वेळ आली. "टाइलला भोक पाडायचं नाही," काका म्हणाले. त्यांनी दोन टाइलांमधल्या बारीक सांध्यात ड्रिल धरलं आणि तिथेच माझे स्क्रू बसवले. टाइलवर ओरखडासुद्धा उठला नाही. सांध्यात भरलेल्या त्या पांढऱ्या सिमेंटवर मी उभी होते, एवढंच. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, की या दांडीला धरून उठू नये. काकांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली. "धरतंय कोण? टॉवेलच तर टाकायचाय."

आमचं फार कौतुक झालं, मित्रांनो. पाहुणे चहा संपला की बाथरूम बघायला उठत. असं कुणाच्या घरी होतं का?

पुढे काकूंचे गुडघे दुखू लागले. पहिल्यांदा लक्षात आलं ते लेकीच्या. एकदा माहेरी येताना ती एक जाडजूड स्टीलचं हँडल घेऊन आली.

"बाबा, हे नळाशेजारी पक्कं बसवून टाका. आईला धरायला होईल."

काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "घराचा दवाखाना करायचाय का? याला टाइलमध्ये चार भोकं लागतात, बाई. ही भिंत फुटली तर तसा रंग आता जगात मिळायचा नाही."

लेकीनं आईकडे बघितलं. काकूंनी भिंतीकडे. मग त्या हसून म्हणाल्या, "अगं, मी काय म्हातारी झाले? ठेव ते माळ्यावर."

त्या दिवसानंतर दोनच दिवसांनी त्यांचा हात माझ्यावर आला. आधी नुसती दोन बोटं. मग तळवा. मग अंगाचा सगळा भार. टॉवेल दारावर जाऊ लागला तो तेव्हापासून. त्यांना हात ठेवायला जागा हवी होती. उठताना त्या हळूच म्हणत, "धर गं बाई." मी धरत असे. दर वेळी सांध्यातून थोडी पांढरी भुकटी गळे आणि बाहेर पडण्याआधी काकू ती ओल्या बोटानं पुसून घेत.

एकदा काकांचा धक्का लागला आणि मी खडखडले. ते थबकले. स्क्रू आवळता आवळता मोठ्यानं म्हणाले, "टॉवेल फार जड झालेत आजकाल." आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

त्यानंतर महिन्याभरानं काकू पडल्या. सकाळची वेळ होती, अंगावर पाणी होतं. त्यांनी मला सोडलं नव्हतं, मित्रांनो. मी भिंतीला सोडलं. त्या खाली पडल्या तेव्हाही मी त्यांच्या मुठीत होते.

खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर चार महिने लेकच त्यांना पलंगावर ओल्या फडक्यानं पुसून काढत होती. त्या वेळी काकू छताकडे बघत राहत आणि काका उगीचच काही आणायला म्हणून बाहेर जात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भिंतीला, बेसिनच्या कडेला, दाराच्या कडीला हात लावून उठत असेल, तर तो हात नीट बघा. माणसं आधार मागत नाहीत. त्यांना संकोच वाटतो, किंवा समोरच्याचं मन मोडवत नाही. आणि आमच्यासारख्या वस्तूंना नाही म्हणता येत नाही.

काल लेकीनं बाथरूमचे नकाशे काढणाऱ्या एका ताईंना बोलावलं. काकूंची चाकांची खुर्ची उंबरठ्याला अडून बाहेरच राहिली. ताई म्हणाल्या, की उंबरठा काढू, बसायला टाइलचाच ओटा करू, नळ हाताशी आणू.

"ते सगळं राहू द्या," काकू म्हणाल्या. "दार लावून मला एकटीला अंघोळ करता येईल का, तेवढं सांगा."

"येईल की. फक्त आधाराच्या दांड्या पार विटेपर्यंत जायला हव्यात. चार टाइल निघतील. पण दांड्या पितळी रंगाच्या येतात, या निळ्यावर खुलून दिसतील." मग भिंतीतल्या माझ्या स्क्रूच्या रिकाम्या भोकात ताईंनी बोट घातलं. "अहो, एवढी सुरेख भिंत, आणि स्क्रू सांध्यात कुणी मारले?"

"साबणावरून पाय घसरला माझा," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "दांडीचं काय त्यात."

"हो, साबणच होता," लेक जमिनीकडे बघत म्हणाली. चार महिने येणाऱ्याजाणाऱ्याला त्या घरानं हेच सांगितलं होतं.

काका खिडकीशी आले. त्यांनी मला उचललं.

"साबण नव्हता," ते म्हणाले. "सांध्यात मीच मारले स्क्रू. आणि टॉवेलनं दांडी सैल होत नाही, एवढं मला कळतं. आवळतानाच कळलं होतं. दांडी धरून उठतेस का, असं तुला विचारलं असतं तर भिंत फोडावी लागली असती, म्हणून नाही विचारलं." त्यांनी काकूंकडे बघितलं. "तू पडली नाहीस गं. मी पाडलं तुला."