पहिलं दळण

विजेची गिरणी आली आणि जुन्या नाशकातल्या जात्यांना पेन्शन मिळाली. सकीनाने आपल्या जात्याचे दोन्ही दगड उंबऱ्याबाहेर पायरीला टाकले. जात्यांच्या झिजलेल्या दगडांना टाकीने, म्हणजे छिन्नीने, टिचे पाडून देणाऱ्या भागीबाईला तर गल्ली साफ विसरली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

मग त्या श्रावणात पाच दिवस आभाळ फाटलं. गोदावरी चढली, विजेचे खांब आडवे झाले. बंगल्यांच्या तारा तिसऱ्याच दिवशी जोडल्या गेल्या. गिरणी होती खालच्या वस्तीत, तिथल्या तारांकडे कोण बघतो? सकीनाच्या घरातलं पीठ संपलं. सासरा महेबूबचाचा तापातून नुकता उठलेला, तोंडात दात नाही. कुटलेल्या बाजरीची भरड त्याच्या घशाखाली उतरेना. बारीक पिठाची कांजी पोटात गेली नाही तर म्हातारा हातचा जाईल, असं हकीम बजावून गेले. बाजरी उरली होती दोन ओंजळी.

सकीना भागीबाईच्या झोपडीकडे धावली. पण दिवे लागले तरी बंगल्यांनाही पीठ त्याच बंद गिरणीतून यायचं. आपली जुनी जाती टाकवून घ्यायला त्यांनी सकाळीच टांगा पाठवून म्हातारीला नेलं होतं.

दुपार टळल्यावर भागीबाई आली, चिंब भिजलेली. सकीनाने ओशाळून पायरी दाखवली. म्हातारी दगडांपाशी बसली. कपच्या उडतात म्हणून तिने डोळे मिटले आणि टाकीवर हातोडी पडू लागली. पायांनी गुळगुळीत झालेल्या दगडावर ओळीने टिचे उमटत गेले. एक घाव चुकला नाही. सकीना श्वास विसरून बघत राहिली.

जातं मांडून झालं. सकीनाने बाजरी आणली, तर भागीबाईने तिचा हात धरला.

"पहिलं दळण फेकावं लागतं, पोरी. दगडाची कच लय ऱ्हाती त्यात."

सकीनाने बाजरीकडे पाहिलं. बंगल्यात शेरभर फेकलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. इथे एक ओंजळ फेकली तर उरायचं काय?

भागीबाईने कमरेची गाठ सोडली. बंगल्यांतल्या कामाच्या मजुरीची बाजरी होती ती, तिची त्या रात्रीची भाकरी. सगळी जात्यात ओतून तिने खुंटा फिरवला. करडं पीठ पडलं, ते तिने पावसात झटकून दिलं.

"आता तुझी घाल."

सकीना थक्क झाली. एवढं मोठं मन तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

कांजीचा पहिला घोट महेबूबचाचाच्या घशाखाली उतरला, तेव्हा तिने वळून पाहिलं. भागीबाई शेजारच्या दारातलं जातं उपडं करत होती, उपाशीच.