वहिनीची मोटर

“वहिनी, आमची सगळी मदार तुझ्यावर हां,” मावशी म्हणाली. “माझे डोळे अधू झाले आणि ही बारकी अजून कामाला नवी. तूच तारून ने.”

वहिनी तांब्याची तार मोटरच्या खाचेत दाबत नुसती हसली. जळक्या मोटरी नव्याने गुंडाळून देणाऱ्या त्या कारखान्यात नवरा-बायको दोघंही कामाला होती, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. बायका या तिघीच, आणि त्यांना पुरुषांच्या निम्मी मजुरी. का, तर म्हणे बायकांचं काम कच्चं. कुठल्याशा संस्थेच्या बाई नेमका याचाच अभ्यास करत आल्या आणि शेठच्या मागेच लागल्या. शेवटी शेठ म्हणाला, “बघू या की. प्रत्येकाने एकेक मोटर बांधायची, वर नाव नाही, नुसता आकडा. बायकांची सरासरी पुरुषांच्या बरोबरीला आली तर मजुरी बरोबरीची. माझा शब्द.” शेठ शब्दाचा पक्का होता, हे मात्र कबूल करायला हवं.

वहिनीच्या हाताला तोड नव्हती. अडचण तीच होती. चाचणीच्या दिवशी सकाळी नवऱ्याने चहाला हात लावला नाही.

“आकडे उघडल्यावर तू पहिली निघालीस, तर ही माणसं मला जगू देतील का?”

सासूने री ओढली, “बाईनं दोन पावलं मागं राहिलं की घर चालतं गं.”

नवरा मारकुटा नव्हता. पण रुसला की महिना महिना बोलत नसे, आणि ते मुकं घर तिला माराहून जड जाई. मग तिने मनाशी मधला मार्ग काढला. पहिलं यायचं नाही, दुसरं-तिसरं यायचं. बायकांचंही साधेल, नवऱ्याचंही राहील. जास्त शहाणपण करायला गेलं की माणूस असा खड्ड्यात जातो. तारेची वेटोळी आवळायचा शेवटचा दोरा तिने जरासा सैल सोडला.

मोटर सुरू झाली. सैल वेटोळं सरकलं, फिरत्या भागाला घासलं आणि जळका वास कारखानाभर पसरला. मावशीची आणि बारकीची मोटर झकास चालली होती. पण तिघींत एक जळाली म्हटल्यावर बायकांची सरासरी पार तळाला गेली. आकडे उघडले तेव्हा जळकी मोटर वहिनीची निघाली.

“बघितलंत बाई?” शेठ म्हणाला. कुचेष्टेने नव्हे, त्याला खरंच तसं वाटलं होतं.

बाई वहिनीजवळ आल्या. “एवढं सफाईदार काम आणि दोरा सैल? काही झालं होतं का? सांगा, मी पुन्हा चाचणी घ्यायला लावते.”

मावशी आणि बारकी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. नवराही बघत होता.

“हात चुकला, बाई,” ती म्हणाली.

मजुरी होती तीच राहिली. संध्याकाळी मावशी बारकीला घेऊन निघून गेली, वहिनीसाठी थांबली नाही. वहिनीला रडू येत होतं, पण रडायचं तरी कोणाच्या नावाने?

घरी नवरा भलताच मायेत आला. पहिला नंबर त्याचा होता.

“मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “बायकांच्या बोटांत तेवढा जोर नसतो, त्याला तू काय करणार?”

त्याने दोऱ्याचा तुकडा घेतला, तिची बोटं धरली आणि गाठ कशी आवळायची ते सावकाश दाखवू लागला. माहेरी वडिलांच्या दुकानात शिकलेली ही गाठ लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनेच त्याला शिकवली होती.

“आलं लक्षात?”

“हं,” ती म्हणाली.