सलग केलेली रेघ

गिअरच्या दोन दातांमध्ये तेलाचा थर असतो. केससुद्धा त्याच्यापुढे जाडजूड. दाबाखाली ते तेल मेणासारखं घट्ट होतं आणि दात एकमेकांवर घसरले की तेच पुन्हा पातळ होतं. या ओढाताणीत थर टिकेल की फाटेल, याचं गणित मी संगणकावर मांडते. बारा वर्षं हीच डोकेफोड चाललीय.

आमच्या प्रयोगशाळेतलं तेलाचा घट्टपणा मोजायचं यंत्र एका दाबापर्यंतच जातं, दातांमधला दाब त्याच्या दुप्पट. पुढचं सगळं अंदाजाने. म्हणून मोजलेला भाग सलग रेघेने दाखवायचा आणि अंदाजाचा ठिपक्यांनी, अशी आमची रीत. मागच्या वर्षी नव्या क्रेनच्या तेलाचा अहवाल क्रेनच्या कंपनीकडे जायचा होता. साहेब म्हणाले, "ते ठिपके बघून गिऱ्हाईक बिचकतं हो." मी मुकाट्याने रेघ सलग केली. कोणी माझा हात धरून ती काढून घेतली नव्हती.

ते तेल घातलेली एक क्रेन माझा दादा चालवतो.

सोमवारी दुसऱ्या एका प्रयोगशाळेचे आकडे हाती आले. तेल जवळपास आमच्यासारखंच, यंत्र मात्र आमच्यापेक्षा पुढे जाणारं. घसरण जोरात असेल तर दातांमधल्या दाबाला तेलाचा घट्टपणा माझ्या रेघेच्या निम्मासुद्धा उरत नाही. मी तीनदा गणित केलं. भर उन्हात पूर्ण वजन उचलताना थर फाटू शकतो. मग दातावर दात, आणि दात मोडला की वजन खाली.

साहेबांनी आकडे चाळले. "हे त्यांचं तेल. आपल्या तेलाचा मोजलेला पुरावा आणा, लगेच क्रेन थांबवायला सांगतो." पुरावा कुठून आणू, कपाळ माझं? बाहेर मोजून घ्यायला सहा आठवडे लागतात. मग क्रेनच्या कंपनीलाच परस्पर कळवलं. त्यांनी उत्तरादाखल माझाच अहवाल पाठवला, खाली माझी सही. संतापाने रडू फुटलं.

त्याच दुपारी दादाला फोन लावला.

"दादा, आज वर चढू नकोस."

"काय गं शहाणे, स्वप्नबिप्न पडलं का?"

मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही थट्टा केली नाही.

"म्हणजे तुटणारच?"

"तसं नाही सांगता येत."

"मग कधी?"

"माहीत नाही. कदाचित कधीच नाही."

"मुकादमाला काय सांगू? बहिणीला भीती वाटते?"

"आजारी आहे म्हण. काहीही म्हण!"

"माझ्या जागी दुसरा चढेल. त्याला कोणाची बहीण फोन करणार? क्रेन नवी होती तेव्हा इथे कोणी चढायला तयार नव्हतं. मीच सांगितलं, माझ्या बहिणीने गणित केलंय, बिनघोर चढा. आता मीच मागे सरू होय?"

"संध्याकाळी बोलू," म्हणून त्याने फोन खिशात टाकला, पण बंद करायचा राहिला. लोखंडी शिडीवर त्याचे बूट वाजायला लागले. मी "दादा, दादा" ओरडत होते आणि एकेक पायरी ऐकत होते.