बुधवारी पाहिलेली जागा

मी नगररचना कार्यालयातला नकाशा. गावाच्या विकास आराखड्याचा. एरवी आम्ही गप्पच असतो, पण किळस आली म्हणून आज तोंड उघडतोय.

जन्म माझा साधाच. मोजणीदार गल्लोगल्ली फिरले, कुठे घर, कुठे दुकान ते टिपून आणलं आणि आरेखकाने माझ्या अंगावर रंग भरले. घरं पिवळी, दुकानं निळी. जिथे काहीच चालत नाही ती जागा पांढरी. मग त्या पांढऱ्यावर मोठे साहेब पुढच्या वीस वर्षांचं गाव रंगवतात. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान होता!

टेकडीखालच्या एका पांढऱ्या चौकोनात बाग आली. लोकांच्या हरकतींसाठी मला महिनाभर टांगलं, तेही जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे. येणारेजाणारे पाणी पीत आणि ओले हात मला पुसत. नीट पाहिलं ते एकट्या लाँड्रीवाल्या काकूंनी. चष्मा लावून, बोट फिरवत फिरवत त्या बागेवर येऊन थांबल्या. ती त्यांची कपडे वाळवायची जागा होती, सासऱ्यांच्या काळापासूनची. काकूंचं आणि त्यांच्या दोन जावांचं घर तिच्यावरच चालत होतं.

सुनावणीत काकू म्हणाल्या, "साहेब, मोजणीवाले बुधवारी आले असणार. बुधवारी आम्ही धूत नाही, धुतलेलं घरोघर पोहोचवतो. तुम्ही कुठल्याही वारी या, फक्त बुधवार सोडून."

साहेबांनी मान डोलावली, लिपिकाने लिहून घेतलं. मला वाटलं, सुटली बाई.

पाहणीला निघाले बुधवारीच. कार्यालयाची जीप म्हणे त्याच दिवशी मोकळी असते. मला बॉनेटवर पसरलं. समोर खांब होते, ताणलेल्या दोऱ्या होत्या, दोऱ्यांवर ओळीने चिमटे होते. आरेखक चाचरत म्हणाला, "साहेब, आज बुधवार आहे. त्या बाई म्हणाल्या होत्या..."

"मी दिसतं तेच लिहितो," साहेब म्हणाले. "तुला दिसतंय का काही?"

आरेखक चिमट्यांकडे बघत "नाही" म्हणाला. त्याच्या अंगातला शर्ट काकूंच्याच दोरीवर वाळलेला होता. साहेबांपेक्षा मला त्याचाच जास्त संताप येतो.

जागा रिकामी आढळली, हरकत फेटाळली. आराखडा मंजूर झाला, त्याचा नवा नकाशा काचेच्या चौकटीत साहेबांच्या खोलीत गेला आणि मी अडगळीत. या माणसांची मला शिसारी येते. स्वतःचीही येते, कारण तो खोटा पांढरा चौकोन इतके दिवस मीच अंगावर मिरवला.

काल पेंटरने मला फरशीवर पालथा घातला आणि माझ्यावर ठेवून बागेची पाटी रंगवली: 'येथे कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई आहे.' ओघळलेला रंग माझ्या पाठीत मुरला.

तुमच्या गावात असा नकाशा लागला, तर कृपा करून बोट ठेवून पाहा. काकू आता कपडे कुठे वाळवतात, ते मात्र मला विचारू नका. माझ्यावर ते कुठेच दाखवलेलं नाही.