कपाटाचा खालचा कप्पा

मी एक जुनं कपाट आहे, मित्रांनो. डोंगरी गावच्या वाचनालयात खिडकीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी असते. पण मी जन्मापासून कपाट नव्हते. आधी मी होडी होते, गॅब्रियल तांडेलाची होडी. बारा वर्षं मी त्याच्याबरोबर समुद्रावर गेले. १९३१ साली माझा तळ कुजला, तेव्हा त्याने मला फोडून चुलीत घातलं नाही. गावात नुकतंच वाचनालय निघत होतं आणि पुस्तकं ठेवायला कपाट नव्हतं. गॅब्रियलला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्याने माझ्या चांगल्या सागवानी फळ्या सुताराला देऊन टाकल्या.

होडीला दरवर्षी मुशी माशाचं तेल चोपडतात, म्हणजे लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं. मी कपाट झाले, पण गॅब्रियलच्या लेखी होडीच राहिले. पावसाळा सरला की तो तेलाचा डबा घेऊन यायचा आणि मला आतूनबाहेरून चोपडून काढायचा. वाचनालय सांभाळणारे सेबॅस्टियन मास्तर नाक दाबून म्हणायचे की यात पुस्तकं राहतात, मासळी नाही. पण फळ्या त्याच्या, हातही त्याचाच, अडवणार कोण? माझ्या प्रत्येक पुस्तकाला तो उग्र वास लागला तो लागलाच. वाळवी मात्र कधी फिरकली नाही, हेही कबूल करायला हवं.

मला तीन कप्पे होते. वर देवाधर्माची पुस्तकं, मध्ये प्रवास, लढाया आणि चोरांच्या तपासाच्या गोष्टी. खालच्या कप्प्यात प्रेमाच्या कादंबऱ्या, आणि त्याला कुलूप. गावच्या पंचांनी ठरवलं होतं की त्या फक्त लग्न झालेल्या पुरुषांनी वाचाव्यात. मला याचं हसू यायचं. ज्यांचं लग्न उरकलं त्यांनी प्रेम वाचायचं, आणि ज्यांचं व्हायचं होतं त्यांनी नुसतं कुलूप बघायचं.

१९३८ साली फ्लोरिन माझ्याकडे येऊ लागली. ती गॅब्रियलची मुलगी. तिला पंधरावं सरलं होतं. दिवसभर वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकायचे आणि एकीकडे वाचायचं, असा तिचा क्रम असे. अशा वाचणारीला पुस्तक निवडून देणं मास्तरांना फार आवडायचं. आधी त्यांनी तिला समुद्रप्रवासाचं दिलं, कारण त्यातल्या चुका ती स्वतः काढू शकेल. तिने सात काढल्या. मग तपासकथा दिली, मग एका राणीची गोष्ट. सहा महिन्यांत मधला कप्पा संपला आणि ती खालच्या कप्प्यासमोर येऊन बसली.

मास्तरांनी तिला ठराव सांगितला. ती शांतपणे म्हणाली, “मास्तर, ईस्टर झाल्यावर गोराई गावच्या एका घरी माझं लगीन ठरवतायत. मी त्याला बघितलासुदीक न्हाय. या पुस्तकांत काय हाय ते मना लग्नाआधी कळायला पायजे, का नंतर?”

मास्तर आठवडाभर विचार करत होते. ते भले गृहस्थ होते, पण पंचांना घाबरायचे. शेवटी त्यांनी कुलूप काढलं. ईस्टरआधीच्या उपासकाळात सुखाच्या शेवटाची कादंबरी कुणाला द्यायची नाही, असा त्यांचा स्वतःचाच एक नियम होता. म्हणून त्यांनी दुःखाची दिली. एका मुलीचा बाप तिला न विचारता तिचं लग्न ठरवतो, अशी ती गोष्ट. त्यातला बाप दुष्ट नव्हता, हे मला सगळ्यांत जास्त आवडायचं.

फ्लोरिनने ती कादंबरी पेटीत, रविवारच्या लुगड्याच्या घडीत लपवली. इथेच घात झाला. मासळीच्या गावात मासळीचा वास कुणाला येत नाही. पण मुशीचं तेल वेगळं. ते निघतं फक्त होड्यांच्या वेळी. त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला फ्लोरिन बापाशेजारी उभी राहिली आणि गॅब्रियलचं नाक फुललं. होड्यांना तेल लावायला अजून सहा महिने होते. मग पेटीत ठेवलेल्या लुगड्याला वास कुठून? घरी जाऊन त्याने पेटी उघडली. लपवलेलं पुस्तक म्हणजे खालच्या कप्प्यातलं, हे कळायला अक्षरओळख लागत नव्हती.

तासाभरात तो वाचनालयात हजर झाला. एका हातात कादंबरी, मागे रडवेली फ्लोरिन. मास्तरांनी काही लपवलं नाही. पुस्तक मीच दिलं, म्हणाले.

गॅब्रियल म्हणाला, “यात घाण निघाली तर हा कपाट मी फोडीन. लाकूड माझा हाय. आणि पोरीचं वाचणं आजपासून बंद.” मग तो माझ्या दाराला पाठ टेकून खाली बसला आणि लेकीला म्हणाला, “वाच.”

मित्रांनो, मी वादळं पाहिली आहेत, पण तेवढी कधी घाबरले नव्हते. मला स्वतःची काळजी नव्हती, फ्लोरिनची होती. पहिली दोन पानं तिने ओळी चुकत वाचली. नंतर वाचन सुरळीत झालं. दुपार झाली तेव्हा गॅब्रियल उठला आणि घाण अजून आली नाही, पुढे येईल, असं सांगून गेला. पुढच्या रविवारी तो मिस्सा संपताच येऊन बसला. असे पाच रविवार गेले. घाण काही येईना. त्याची पाठ माझ्या दाराला टेकलेली असायची, म्हणून कुठल्या पानावर त्याचा श्वास अडला ते मला ठाऊक आहे.

ईस्टरनंतरच्या रविवारी पुस्तक संपलं. लग्न होऊन गेलेली ती मुलगी सगळं असलेल्या घरात गप्प बसून राहते, एवढाच त्याचा शेवट होता. गॅब्रियलने पुस्तक लेकीच्या हातातून घेऊन मिटलं. मग त्याने मास्तरांना विचारलं, “त्या बापानं पोरीला एकदाबी विचारलं न्हाय?”

“विचारलं असतं तर पुस्तक दहाव्या पानावर संपलं असतं,” मास्तर म्हणाले.

तेवढ्यात गोराईहून नवऱ्या मुलाचा मामा व्हिन्सेंट दारात आला. घरी गॅब्रियल सापडला नाही, म्हणून शोधत इथे आला होता. त्याला लग्नाचा शब्द घेऊन संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

गॅब्रियल म्हणाला, “थांब, व्हिन्सेंट. पोरीला अजून विचारलं न्हाय.”

व्हिन्सेंट हसला. पोरीला काय विचारायचं, म्हणाला, उद्या होडीलाही विचारशील कुठे जायचं म्हणून. मी होडी होते, मित्रांनो. मला बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते ऐकून माझ्या फळ्यांत कळ आली.

गॅब्रियल मात्र लेकीकडे वळला. “बोल पोरी, हे लगीन करायचं हाय का?” फ्लोरिनने मान खाली घातली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला काही विचारत होतं, त्यामुळे उत्तर सापडायला तिला वेळ लागला.

“बा, मना आता न्हाय करायचं,” ती म्हणाली. “मना अजून वाचायचं हाय.”

व्हिन्सेंटने टोपी डोक्यावर घातली आणि तो निघून गेला. पुढे गोराईत आणि डोंगरीतही बरीच टोमणेबाजी झाली. गॅब्रियलने ती सगळी ऐकून घेतली. पण त्या दुपारी तो एवढंच म्हणाला, “मास्तर, हिला पुढचं काढा.”

आता मी थकले आहे. माझी एक बिजागरी निखळली आहे आणि महायुद्धाच्या दिवसांपासून माझ्या वरच्या कप्प्यात रॉकेलचे रिकामे डबे ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरातली एखादी मुलगी पुस्तक मागू लागली, तर तिला आपल्या मनाने काही देऊ नका आणि आपल्या भीतीने काही दडवू नका. तिला काय वाचायचंय, ते आधी तिलाच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर जरा थांबा.