वेलांटी आधी, अक्षर मागून

मित्रांनो, मला बोट लावण्याआधी हात पुसा. चिक्कीचा गूळ कळेच्या फटीत गेला की आठवडाभर निघत नाही. मी एक म्हातारा मराठी टाइपरायटर. सध्या मुक्काम लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये, आत शिरल्यावर डाव्या हाताला, मोठ्या कुंडीशेजारी. माझ्यासमोर वेताची एक खुर्ची मांडली आहे आणि तिच्यावर पाटी लटकवली आहे, ‘कृपया बसू नये’. त्या खुर्चीचा मला राग का येतो, ते सांगतो.

कारखान्यातल्या फिटरने मला सांगितलं होतं की माझ्या अंगातलं लोखंड एका जुन्या तोफेचं आहे. खरं असावं, कारण तळेगावात आल्या आल्या मी धडाडायला लागलो. स्टेशनजवळच्या एका माडीवर चिंतामणी सरांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. तिथे आम्ही बाराजण एका रांगेत बसायचो. माझा वेग असा, की कागद तापायचा आणि सर त्यावर दुपारचा पापड भाजून घ्यायचे. ओळ संपली की माझी घंटी वाजायची, आणि ती ऐकून स्टेशनातली लोकल सुटायची. एकदा कोणीतरी ओळ मध्येच संपवली, तर बिचारा गार्ड खालीच राहिला. माझा आवाज इंदुरीच्या किल्ल्यापर्यंत जायचा, आणि तिथले पोपट ‘विनंती अर्ज करतो की’ असं घडाघडा म्हणायचे.

यातलं निम्मं खोटं आहे. कोणतं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही. पण सारिकाबद्दल जे सांगेन त्यात पदरचं काही घातलेलं नाही. घालायची फार इच्छा होती.

सारिका आली तेव्हा माझे अकरा भाऊ भंगारात गेले होते आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले होते. सरांनी मला एकट्याला ठेवलं. बोटं आधी माझ्यावर बसल्याशिवाय ते कोणालाच कॉम्प्युटरला हात लावू देत नसत. सारिका सुदुंबऱ्याची. पस्तिशी ओलांडलेली. एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला होती. आठ तास उभं काम.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, “या वयात टायपिंग कशाला?”

“क्लार्कची जागा निघनार हाये सर. वयाच्या अटीत यंदाच काय ती बसते मी. पुढच्या साली न्हाई. मला खुर्ची पायजे. उभं राहून राहून पोटऱ्यांच्या गाठी झाल्यात.”

तिला पगार नको होता असं नाही, पण तिने मागितली ती खुर्ची. सरांनी माझ्यासमोरचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

माझ्या कळांवर सरांनी पुठ्ठ्याचं एक झाकण केलं होतं. हात आत, नजर बाहेर. सर म्हणायचे, “कळांकडे बघायचं नाही, उमटलेल्या कागदाकडे बघायचं नाही. फक्त समोरचा मजकूर. भाकरी थापताना हाताकडे बघतेस का?”

“बघते की सर. न्हाईतर चटका बसतो.”

सर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

तिच्याच बॅचला बेगडेवाडीचा आकाश होता. दोनच बोटांनी मारणारा. मान खाली घालून एकेक कळ शोधायचा. “दाणे टिपतोस का रे कोंबड्या?” सर विचारायचे. तो म्हणायचा, “टिपतो सर. पण कुठला दाणा कुठं पडलाय ते मला दिसतं.”

सारिका अकरा महिने आली. कंपनीतून सुटली की तशीच, टोपीचा वळ कपाळावर घेऊन. आधी करंगळ्या सुजल्या, मग घट्टे पडले, मग घट्टेही गेले. दिवाळीनंतर तिची दहाही बोटं माझ्यावर अशी फिरायला लागली, की मी जन्मभर मारलेल्या थापा मला लहान वाटल्या. सर डोळे मिटून ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, “चाळीस वर्षांत इतकी नीट बोटं मी बसवली नाहीत.”

आता माझ्या घराण्याची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. ‘पहिला’ लिहायचं तर माझ्यावर प मारायचा, मग ह्रस्व वेलांटी, आणि मग ह. वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते ना, म्हणून ती आधी. डाव्या हाताचं पहिलं बोट जिथे विसाव्याला टेकतं, त्याच कळेवर ती असते. पण कॉम्प्युटरची जी नवी मांडणी आहे, तिच्यात अक्षर आधी आणि वेलांटी मागून. तिथे माझ्या रीतीने मारलंत, तर वेलांटी आदल्या अक्षरावर जाऊन बसते आणि ‘पहिला’चा ‘पिहला’ होतो.

क्लार्कच्या परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा पत्र आलं, की चाचणी नव्या मांडणीवरच होईल. सरांनी तोवर सगळ्यांना कॉम्प्युटरवरही माझीच मांडणी शिकवली होती. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“कळा बदलल्या, बोटं तीच आहेत,” ते सारिकाला म्हणाले. “तीन आठवडे पुष्कळ झाले.”

आकाशला तीन दिवस पुरले. तो बघूनच मारायचा, कळेवर जे छापलेलं असेल ते. त्याला विसरायला काही नव्हतंच. सारिकाने कंपनीतून रजा घेतली आणि सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरपुढे बसली. क कुठे, र कुठे, सगळी अक्षरं बोटांनी नव्याने पाठ केली. फक्त वेलांटी ऐकेना. डोक्यात मागून असायची, बोटात आधी यायची. सावकाश मारलं तर बरोबर, वेग घेतला की माझी रीत. मी कोपऱ्यातून बघत होतो. माझं पोलाद तिच्या बोटात इतकं खोल गेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

परीक्षेला तिचे वडील, दत्तोबा, मोटरसायकलवरून तिला घेऊन गेले. दुपारी दोघं परत माडीवर आले. सर दारातच उभे होते.

“दहा मिनिटांचा उतारा मी साडेसातात संपवला, सर,” सारिका म्हणाली. “हॉलमधी पहिली. तुमी सांगितलं तसं एकदाबी वर बघितलं न्हाई.”

“मग?”

“मग बघितलं.”

उतारा एका वकील बाईंवर होता. महिला जिथे जिथे होती तिथे मिहला झाली होती. वकिली केली, त्याचं विकली केली झालं होतं. जिथे शब्दच वेलांटीने सुरू होत होता, तिथे ती रिकाम्या जागेला चिकटली होती. खोडून दुरुस्त करायला अडीच मिनिटं होती. तिने अठरा वेलांट्या जागेवर आणल्या. पण दुरुस्त करतानासुद्धा बोटं वेलांटीच आधी मारत होती.

“किती राहिल्या?” सरांनी विचारलं.

“चव्वेचाळीस.”

दत्तोबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, “अक्षरं तर समदी हायेत न्हवं? जरा सरकल्यात. वाचनाऱ्याला कळंना व्हय?”

“कॉम्प्युटर वाचतो, आबा. मानूस न्हाई.”

“मंग त्याला सांगायचं तरी कुनी?” दत्तोबा म्हणाले.

आकाश पास झाला. सारिकाचं वय पुढच्या महिन्यात अटीबाहेर गेलं. सर त्या दिवशी सगळे गेल्यावर माझ्याजवळ आले, पुठ्ठ्याचं झाकण काढलं आणि हातात धरून उभे राहिले. “मी तिला नीट शिकवलं,” एवढंच म्हणाले. कबुली द्यावी तसं. उन्हाळ्यात त्यांनी इन्स्टिट्यूट बंद केलं. मला रिसॉर्टचा माणूस घेऊन गेला, शोभेला.

इथे मला पुष्कळ मान आहे. पाहुणे एक बोट लावतात, फोटो काढतात, जातात. माझी शाई वाळत आली आहे. घंटी वाजते, पण तिच्यावर एकही गाडी सुटत नाही.

आणि गेल्या वर्षीपासून सारिका इथे आहे. कंपनीचं कंत्राट संपलं, म्हणून साफसफाईला लागली. बेगडेवाडीला लोकल पकडते आणि इथे आली की सबंध दिवस उभी असते. रोज सकाळी माझ्यावरची धूळ पुसते, मग ती खुर्ची पुसते, मग पाटी. परवा सोबतच्या विठाबाईला सांगत होती, “आमच्यातला तो आकाश हाये ना, क्लार्क झाला. आता त्यांचे सायेब फोनमधीच बोलतात आणि अक्षरं आपली आपन उमटतात. हा नुसत्या वेलांट्या नीट करत बसतो.”

“बसतो तरी,” विठाबाई म्हणाली.

सारिका हसली. विठाबाई पुढच्या खोलीकडे गेल्यावर तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि दहाही बोटं माझ्यावर ठेवली. उभ्यानेच, जरा वाकून. नजर समोरच्या भिंतीवर. ‘विनंती अर्ज करते की’ पासून शेवटच्या ‘आपली विश्वासू’ पर्यंत, एकही बोट चुकलं नाही. वेलांटी आधी, अक्षर मागून. माझ्यात कागद नव्हता. मग तिने कळा पुसल्या आणि बादली उचलली.

मित्रांनो, नीट शिकून काय मिळतं असं तुम्ही मला विचाराल. जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण या प्रश्नावर मारायला एकही सुचत नाही. तिला काही मिळालं नाही. माझी मागणी लहानशी आहे. फोटो हवे तितके काढा. पण कधी सकाळी लवकर आलात आणि हातात फडकं घेतलेली एक बाई माझ्याजवळ उभी दिसली, तर माझ्यात एक कोरा कागद लावा, आणि त्या खुर्चीवरची पाटी उचलून दुसरीकडे ठेवा.