मधली चौकट

मुलं तिला चौकटताई म्हणत, आणि हे नाव तिला आपल्या खऱ्या नावापेक्षा जास्त आवडायचं. एका दैनिकाच्या मुलांच्या पानावर तिने कित्येक वर्षं चित्रकथा काढली होती. ते पान बंद झालं तेव्हा घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून तिने गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांना चित्रकथा शिकवायला सुरुवात केली.

कागदाला घड्या घालून चौकटी कशा पाडायच्या, शब्द आधी लिहून त्यांच्याभोवती फुगा मग का काढायचा (नाहीतर शेवटची अक्षरं कडेला चिरडून मरतात), फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच कशी वळली पाहिजे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाकड्या रेघा मारल्या की माणूस मान हलवून ‘नाही’ कसं म्हणतो, हे सगळं ती मन लावून शिकवायची. पण तिचा जीव खरा अडकला होता तो दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. ‘‘इथे आपण काहीच काढत नाही,’’ ती सांगायची, ‘‘आणि गोष्ट इथेच घडते.’’

त्यासाठी तिने एक खेळ शोधला होता. फळ्यावर पहिली आणि शेवटची चौकट ती काढायची, मधली मुलांनी काढायची. कट्ट्यावर झोपलेलं मांजर. मग तेच मांजर, चिंब भिजलेलं आणि तोंडात मासा. मधे कुणी बादली काढली, कुणी होडी, आणि एका वाचाळ मुलाने तर मांजराला पोहण्याच्या क्लासला घातलं, तेही फी बुडवून. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

एका शनिवारी मात्र तिला काही सुचेना, तेव्हा तिने स्वतःलाच काढलं. पहिल्या चौकटीत ती बाहेरून घरी येऊन खुंटीला पिशवी अडकवते आहे. शेवटच्या चौकटीत स्वयंपाकघरात चहा ओतते आहे. मधे मुलं दूध उतू घालवतील, नाहीतर उंदीर तरी सोडतील, असा तिचा अंदाज होता.

कागद गोळा करून तिने टेबलावर पसरले, आणि ओठांवर आलेलं हसू तिथेच थांबलं. कुणाची बाई काड्यापेटीतल्या काडीसारखी होती, कुणाचं दार कललेलं होतं, पण चित्र एकच होतं. उघड्या दारात पाठमोरी उभी बाई, डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्या दोन वाकड्या रेघा, आणि एक रिकामा फुगा. फुग्याची शेपटी बाईकडे नव्हती; ती खोलीच्या आत, काळ्या केलेल्या भागात गेली होती.

‘‘कुणी कुणाचं बघून काढलं?’’

‘‘ताई, मी तर सगळ्यांकडे पाठ करून बसले होते,’’ चष्मेवाली मुलगी दुखावून म्हणाली.

‘‘मग सगळ्यांना एकच कसं सुचलं?’’

‘‘सुचलं नाही. मधे तेच होतं ना.’’

‘‘आणि फुगा रिकामा का?’’

यावर वर्गातली सगळ्यांत लहान पोर, ताईला एवढंही कसं कळत नाही अशा सुरात म्हणाली, ‘‘इथून ऐकू येत नाही.’’

पुढच्या शनिवारी तिने मुलांना लांब लांब बसवलं. फळ्यावर आधी दुसऱ्याच गोष्टीच्या चौकटी काढल्या, तेव्हा जितकी डोकी तितकी चित्रं आली. मग पुन्हा स्वतःच्या काढल्या, आणि पुन्हा तेच दार आलं. भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. पण कोडं घातल्यावर मुलांना जशी चुळबुळ लागते, तशीच तिला लागली होती.

घरी तिचा थोरला भाऊ असे. दादाचं सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं आणि बोलणंही त्यामुळे की काय, टिकटिकीइतकंच उरलं होतं. तिने हसत हसत सगळा प्रकार सांगून कागद त्याच्यापुढे ठेवले. चष्मा लावून तो एकेक कागद बघत राहिला.

‘‘छान काढलंय,’’ तो म्हणाला. ‘‘दार मात्र तू एवढं उघडत नाहीस.’’

‘‘मी?’’

‘‘बाहेरून आलीस की, पिशवी अडकवतेस, मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहतेस, मान हलवून नाही म्हणतेस, दार लावतेस, मग चहा.’’

‘‘रोज? आणि तू मला कधी बोलला नाहीस?’’

‘‘मला वाटलं, तुझं तुला माहीत असेल.’’

ती लगेच उठून मागच्या खोलीत गेली. इस्त्रीचं टेबल, गुंडाळलेली गादी, बंद पडलेला पंखा, शेजारच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. ती दारात उभी राहिली, कान देऊन ऐकलं, आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून थोडी हिरमुसलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला खोलीसमोर खुर्ची टाकून बसवून ती मुद्दाम बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद घेऊन परतताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती स्वतःला बजावत होती, पिशवीनंतर काय होतं ते बघायचं, पिशवीनंतर काय होतं ते बघायचं. दार उघडून तिने पिशवी खुंटीला अडकवली, आपल्याच हातावर नजर रोखून. पिशवीचा बंद खुंटीवर नीट बसला.

कप काठोकाठ भरत आला होता. तिने घाईने पातेलं खाली ठेवलं. समोर दादा बसला होता. त्याच्यापुढचा चहा तसाच होता, आणि त्यावर साय धरली होती.

‘‘गेले होते मी?’’

‘‘गेलीस.’’

‘‘नाही म्हटलं?’’

‘‘आज फार वेळ उभी होतीस,’’ दादा म्हणाला. ‘‘मान हलली नाही. हो म्हणालीस, आणि दार उघडंच ठेवलंस.’’

‘‘कशाला हो म्हणाले?’’

दादा उठला, आणि स्वयंपाकघराच्या ज्या दाराला एवढ्या वर्षांत कधी कुणी हात लावला नव्हता, ते ओढून घेऊन त्याने आवाज न करता आतून कडी घातली.